आठ गणपती, नऊ रकाने

पुण्यातून अष्टविनायकाला निघायचं ठरलं की घरात पहिली चर्चा गाडीची होते आणि दुसरी क्रमाची. आधी थेऊर की आधी मोरगाव? कोकणातले दोन गणपती सुरुवातीला घ्यायचे की शेवटी? ही चर्चा लांबते ते उगीच नाही. आठ ठिकाणं फिरायचे क्रम होतात ४०,३२०. पहिल्या थांब्यासाठी आठ पर्याय, दुसऱ्यासाठी सात, तिसऱ्यासाठी सहा, असं गुणत जायचं. घरून निघून घरीच परतायचं असेल तर उलटा फेरा जवळपास तेवढ्याच अंतराचा पडतो. म्हणून निम्मे क्रम सोडून दिले तरी २०,१६० उरतातच.

आता मोबाईल हातात घ्या. गूगल मॅप्समध्ये निघण्याचं ठिकाण सोडून नऊ थांबे टाकता येतात. आठ देवळं आणि शेवटी पुण्यातलं घर, बरोब्बर नऊ! मात्र शास्त्रोक्त यात्रा मोरगावला सुरू होते आणि मोरगावलाच संपते. ती करायची तर मोरगाव दोनदा टाकावं लागतं आणि घरी परतायला रकानाच उरत नाही.

क्रम तुम्हीच लावायचा

पुष्कळांना वाटतं, नावं टाकली की मॅप आपोआप सोयीचा क्रम लावतो. तसं होत नाही. गूगल मॅप्स तुम्ही दिलेला क्रम जसाच्या तसा पाळतो. थेऊर, मग पाली, मग रांजणगाव असं टाकलंत, तर तो तुम्हाला घाट उतरवून पुन्हा चढवेल आणि प्रत्येक टप्प्याचा उत्तम रस्ताही दाखवेल. टप्पे उत्तम, फेरा मात्र वाया! उपाय सोपा आहे. यादीतल्या थांब्याच्या नावावर बोट दाबून धरायचं, ते वर किंवा खाली सरकवायचं आणि एकूण किलोमीटर किती बदलले ते बघायचं. दोन-चार वेळा सरकवलं की चांगला फेरा डोळ्यांना दिसायला लागतो.

काचेला चिकटवायचं स्वतंत्र यंत्र वापरणाऱ्यांची इथे सोय आहे. गार्मिनच्या यंत्रांत सहलीचे थांबे भरले की क्रम सुधारून द्यायची सोय मिळते. शिवाय त्यात दोन प्रकारचे बिंदू ठेवता येतात. एक खरा थांबा, जिथे यंत्र ‘पोहोचलात’ म्हणतं. दुसरा नुसता वाटेतला बिंदू, तुम्हाला हव्या त्याच रस्त्याने नेण्यासाठी ठेवलेला. थेऊरहून मोरगावला चौफुला, सुपे या वाटेनेच जायचं असेल, तर सुप्याजवळ असा बिंदू ठेवला की काम झालं.

शास्त्राचा क्रम, स्टिअरिंगचा क्रम

परंपरेने सांगितलेला क्रम असा: मोरगाव, सिद्धटेक, पाली, महड, थेऊर, लेण्याद्री, ओझर, रांजणगाव आणि पुन्हा मोरगाव. नकाशावर बोट फिरवून बघा. सिद्धटेक भीमेच्या काठी, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात. तिथून पुढचा थांबा थेट कोकणात, सुधागड तालुक्यातली पाली. म्हणजे अख्खा पुणे जिल्हा ओलांडून, घाट उतरून दोनशे किलोमीटरहून लांब. मग महड करून घाट चढायचा आणि पुण्याच्या पूर्वेला थेऊर गाठायचं.

टुरिस्ट गाड्यांचे ड्रायव्हर बहुतेक वेळा वेगळा फेरा धरतात. पहाटे थेऊर, मग मोरगाव, सिद्धटेक, दौंडवरून रांजणगाव आणि मुक्काम ओझरला किंवा लेण्याद्रीला. दुसऱ्या दिवशी उरलेलं दर्शन आटोपून चाकण, तळेगाव, खंडाळा, खाली महड, पाली आणि रात्री घरी. साधारण साडेसहाशे किलोमीटर. हा क्रम संगणकाशिवाय, वर्षानुवर्षांच्या फेऱ्यांतून तयार झालेला आहे. पूर्वेचा गट आधी, मग उत्तरेचा, मग कोकणाचा, आणि कुठेही माघारी हेलपाटा नाही. माझं मत स्पष्ट आहे: नवस फेडायचा असेल आणि सवड असेल तर शास्त्राचा क्रम धरावा. आजी-आजोबा आणि लहान मुलं घेऊन दोन दिवसांत यात्रा करायची असेल, तर ड्रायव्हर सांगेल ते ऐकावं.

आठांपैकी पाच गणपती पुणे जिल्ह्यात, दोन रायगडात आणि एक अहिल्यानगरात आहे.

ओझर कोणतं? महड कोणतं?

या यात्रेतला सर्वांत मोठा घोळ रस्त्यावर होत नाही, शोधाच्या रकान्यात होतो. विघ्नहराचं ओझर जुन्नर तालुक्यात, कुकडीच्या काठी आहे. दुसरं ओझर नाशिकजवळ, जिथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना आणि नाशिकचा विमानतळ आहे. दोन्ही ओझरांमध्ये दीडशेच्या आसपास किलोमीटरचं अंतर.

महडचं प्रकरण आणखी नाजूक. वरदविनायकाचं महड खोपोलीजवळ, खालापूर तालुक्यात. चवदार तळ्याचं महाड, जिथे डॉ. आंबेडकरांनी १९२७ साली सत्याग्रह केला, ते मुंबई-गोवा महामार्गावर. जिल्हा दोन्हींचा रायगडच आणि इंग्रजी स्पेलिंगही एकच. म्हणून गावाचं नाव टाकू नये, ‘वरदविनायक मंदिर’ टाकावं आणि पिन खोपोलीजवळ पडलीय ना, हे बोटांनी नकाशा मोठा करून पाहावं. पालीलाही ‘बल्लाळेश्वर’ जोडावं, कारण पाली नावाचं मोठं शहर राजस्थानात आहे. बल्लाळेश्वर हा भक्ताच्या नावाने ओळखला जाणारा आठांतला एकमेव गणपती. ते नाव टाकलंत की राजस्थानात जायची भीती नाही.

मॅप जे मोजत नाही

लेण्याद्रीला मॅप ‘पोहोचलात’ म्हणतो ते डोंगराच्या पायथ्याला. वर गिरिजात्मजापर्यंत तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, कारण हा गणपती बौद्ध लेण्यात आहे, सातव्या क्रमांकाच्या. लेणी पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात असल्यामुळे तिकीट काढावं लागतं आणि उजेड असतानाच वर गेलेलं बरं. तिथला खरा थांबा दीड तासाचा धरा.

मॅपवरची वेळ ही फक्त चाकं फिरण्याची वेळ असते. आठ देवळांत सरासरी पाऊण तास धरला तरी सहा तास वाढले. चहा, जेवण, नारळ-हार, चतुर्थीची रांग हे सगळं त्याहून वेगळं. दोन दिवसांचं गणित कोलमडतं ते इथेच.

वीस थांबे, सत्त्याहत्तर वर्षं

लग्नाच्या पत्रिका वाटायला निघालात आणि यादीत वीस घरं आहेत, असं समजा. क्रम किती? उत्तर १९ अंकी येतं. दर सेकंदाला शंभर कोटी क्रम तपासणारा संगणक लावला, तरी सगळे तपासायला ७७ वर्षं लागतील. गणितात याला फिरत्या विक्रेत्याचा प्रश्न म्हणतात. मायकेल हेल्ड आणि रिचर्ड कार्प यांनी १९६२ साली असा मार्ग काढला, की वीस थांब्यांचं काम साधारण ४२ कोटी पायऱ्यांत आटोपतं. त्याच संगणकाला अर्धा सेकंदही लागणार नाही! तरीही थांबे वाढले की काम झपाट्याने फुगतं, म्हणून यंत्रं बहुतेक वेळा सर्वोत्तम क्रमाऐवजी त्याच्या अगदी जवळचा क्रम देतात. फरक दोन-चार किलोमीटरचा असेल, तर पत्रिका वाटणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. २००६ साली मात्र संशोधकांनी ८५,९०० बिंदूंचा एक प्रश्न तंतोतंत सोडवून दाखवला.

या प्रश्नाच्या इतिहासात एक भारतीय नाव फार मानाचं आहे. प्रशांतचंद्र महालनोबीस. बंगालमध्ये तागाच्या लागवडीची पाहणी करताना प्रश्न आला, की नमुन्यासाठी निवडलेल्या शेतांपर्यंत माणसं फिरवायला प्रवास किती होईल आणि खर्च किती येईल? १९४०च्या लेखात त्यांनी त्याचा गणिती अंदाज मांडला. थांबे चौपट झाले तरी एकूण फेरा साधारण दुप्पटच होतो, असा त्याचा अर्थ. भाग तोच असेल तर एका फेऱ्यात जितकी जास्त कामं उरकाल, तितका प्रत्येक कामामागचा प्रवास कमी. एकाच पेठेतल्या पत्रिका एकाच दिवशी वाटायच्या, हे आपल्या आया-मावश्या सांगत आल्यात, त्यालाही हाच आधार आहे.

दोन थांब्यांमधला जवळचा रस्ता शोधायची युक्ती एडस्गर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाची. १९५६ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या एका कॅफेत, होणाऱ्या बायकोबरोबर कॉफी पिताना, कागद-पेन्सिलीशिवाय, वीस मिनिटांत सुचलेली. छापली तीन वर्षांनी.

कागदाची गुंडाळी ते नाविक

१९३०च्या दशकात इटलीत गाडीत बसवायचं एक यंत्र होतं, त्यात नकाशाच्या कागदाची गुंडाळी गाडीच्या वेगानुसार सरकायची. वळून दुसऱ्या रस्त्याला लागलं की गुंडाळी बदला! १९८१ साली होंडाने जपानमध्ये जायरोस्कोपवर चालणारं यंत्र आणलं. त्यात उपग्रह नव्हता, पारदर्शक नकाशावर ठिपका सरकायचा.

आज जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून वेळ सांगतात आणि मोबाईल त्या वेळेतल्या फरकावरून जागा काढतो. जागा नीट कळायला किमान चार उपग्रह दिसावे लागतात. त्यांच्यातली घड्याळं पृथ्वीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतात. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेनुसार ही दुरुस्ती केली नसती, तर एका दिवसात अकरा किलोमीटरपर्यंतची चूक साचली असती. आपल्या इस्रोची ‘नाविक’ यंत्रणा भारत आणि भोवतीचा दीड हजार किलोमीटरचा पट्टा सांभाळण्यासाठी आहे. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी उडाला.

आणि ओझरला जाताना नारायणगावच्या आसपास मान जरा उचलून बघा. जवळच आर्वीला १९७१ साली भारताचं पहिलं व्यावसायिक उपग्रह भूकेंद्र सुरू झालं, विक्रम साराभाईंच्या नावाचं. आणि खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. मुलं गाडीत असतील तर ही गोष्ट त्यांना आवर्जून सांगा.

पुण्यातल्या पुण्यात

मानाच्या पाच गणपतींचे क्रम होतात १२०, पण पुणेकराला त्यातला एकच ठाऊक: कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा. इथे मॅप लावायची गरज नाही, गाडी लांब लावून पायी जावं.

पेठांमध्ये पत्ता सांगायची पद्धत मॅपच्या आधीपासून पक्की आहे. पासोड्या विठोबापासून पुढे, खुन्या मुरलीधराच्या मागे, जिलब्या मारुतीच्या समोर, सोट्या म्हसोबाच्या जवळ. ही नावं मॅपवर टाका, बहुतेक वेळा बिनचूक सापडतात. आणि ‘सदाशिव पेठ, पुणे ३०’ म्हणताना ज्या पिनकोडचे शेवटचे आकडे आपण सहज उच्चारतो, ती पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, संस्कृतचे पंडित आणि कवी. २०२५ साली टपाल खात्याने डिजिपिन आणला. चार बाय चार मीटरच्या प्रत्येक चौकोनाला दहा अक्षरांचा स्वतःचा पत्ता. बंगल्याचं फाटकसुद्धा त्यात नेमकं सांगता येतं.

शहरात बरीच कामं एका फेऱ्यात उरकताना एक युक्ती जगभर वापरतात. अमेरिकेत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने जातात, तिथे यूपीएस ही कुरिअर कंपनी शक्यतो डावी वळणं टाळते, कारण समोरच्या वाहतुकीसाठी थांबण्यात वेळ आणि इंधन जातं. आपल्याकडे हेच उजव्या वळणांना लागू. थांबे असे लावा की बहुतेक वळणं डावीकडे येतील. जंगली महाराज रस्ता आणि फर्ग्युसन रस्ता एकमेकांच्या उलट दिशेचे एकेरी असल्यामुळे तिथली कामं गोलाकार फेऱ्यात लावली की माघारी यावं लागत नाही.

निघण्यापूर्वी

जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून कळसूबाईकडे निघालेली एक गाडी रात्री मॅप बघत अकोले तालुक्यात धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या रस्त्यावर उतरली. तिघांपैकी एकाचा बुडून मृत्यू झाला. रात्री अनोळखी आडवाटेवर मॅप काहीही म्हणो, गावात थांबून माणसाला विचारा. पावसाळ्यात तर नक्कीच.

घाटात रेंज जाते, तेव्हा नकाशा घरच्या वायफायवर आधीच उतरवून घ्या. आणि ज्येष्ठ-आषाढात यात्रा ठरवत असाल तर पालख्यांचं वेळापत्रक आधी बघा. ज्ञानोबांची पालखी पुण्याहून दिवे घाटाने सासवड, जेजुरीकडे जाते, तो मोरगावचा रस्ता. तुकोबांची पालखी लोणी काळभोरवरून यवतकडे जाते, तो थेऊरचा. त्या दिवसांत गाडी काढायचीच असेल, तर रांजणगाव, ओझर आणि लेण्याद्री हा उत्तरेचा फेरा आधी करा.