वाळती खेळपट्टी आणि राबणारी बोटं

पाऊस थांबून ऊन पडलं की मैदानावरच्या फलंदाजांचे चेहरे उतरतात आणि डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाचे हात शिवशिवायला लागतात. मुंबईत कांगा लीग खेळलेल्या माणसाला याचं कारण सांगावं लागत नाही. भर पावसाळ्यात, गुडघाभर वाढलेल्या गवतात आणि उघड्या खेळपट्टीवर ही स्पर्धा 1948 पासून खेळली जाते. आझाद मैदान आणि क्रॉस मैदानावर मी तिथे डावखुरी फिरकी टाकली, पुढे काही वर्षं पंच म्हणूनही उभा राहिलो. 1900 ते 1914 या काळातल्या इंग्लिश काउंटी आणि विद्यापीठ सामन्यांचे धावफलक वाचायचा नाद मला त्यानंतर लागला. मैदानात उभं राहून जे कळलं होतं, त्यामुळेच ते आकडे बोलायला लागले.

या काळाला क्रिकेटचं सुवर्णयुग म्हणतात. रणजी, सी. बी. फ्राय अशी फलंदाजांची नावं त्यासोबत येतात. फ्रायने 1901 मध्ये ओळीने सहा शतकं ठोकली, रणजींच्या मनगटावर पानंच्या पानं लिहिली गेली. त्या फलंदाजीबद्दल मला आदर आहे. पण त्या युगाचा रोजचा गाडा पगारी गोलंदाजांनी ओढला आणि सामन्याचा निकाल बऱ्याचदा मातीने लावला. ती माती आधी नीट पाहायला हवी.

भिजलेली खेळपट्टी वाळताना तीन अवस्थांतून जाते. पाऊस नुकताच थांबलेला असतो तेव्हा ती चिंब असते. चेंडू पडतो तो सरळ घसरत जातो, फिरत नाही, उसळत नाही. गोलंदाजाचा पाय ठरत नाही म्हणून टाकायच्या जागी भुसा पसरावा लागतो, आणि चेंडू दर वेळी त्याच भुशात किंवा फडक्यात कोरडा करून घ्यावा लागतो. या वेळात फलंदाज सुखी असतो. मग ऊन लागतं, वारा सुटतो आणि खेळपट्टीचा वरचा थर दुधावरच्या सायीसारखा धरायला लागतो. अंगठ्याने दाबलं तर तो वरून कोरडा लागतो, पण खाली दबतो. आत ओल तशीच असते. हीच ती वेळ. आता पडलेला चेंडू वरचा थर फोडतो, क्षणभर रुततो आणि मग उसळतो. एक गुडघ्याला लागतो, त्याच जागेवरचा पुढचा हनुवटीपर्यंत येतो. लेग स्टंपच्या रेषेत टप्पा पडलेला चेंडू ऑफ स्टंपच्या बाहेर निघून जातो. बॅट त्याच्या मागे जाते, कड लागते आणि झेल स्लिपमध्ये. तास-दोन तासांनी ओल पूर्ण उतरते आणि खेळपट्टी पुन्हा निमूट होते.

त्या तास-दोन तासांत गोलंदाजाचं काम सोपं असतं असं कडेला बसणाऱ्याला वाटतं. तसं ते नसतं. खेळपट्टी फिरवतेय म्हटल्यावर आपणही चेंडू जास्तीत जास्त फिरवावा असा मोह होतो, आणि मग तो इतका वळतो की कुणाच्या बॅटलाच लागत नाही. अशा वेळी जरा वेगात, जरा पुढे आणि सतत एकाच जागी टाकावं लागतं. उरलेलं काम माती करते. आखूड पडला तर फलंदाज मागे जाऊन थांबू शकतो, फार पुढे पडला तर टप्पा पडायच्या आत मारू शकतो. मधली जागा वीतभर असते, आणि ओल जशी उतरते तशी ती जागाही सरकत जाते. प्रत्येक षटकात ती नव्याने शोधावी लागते.

हे सगळं करायचं तर्जनीच्या पहिल्या पेराने. डावखुऱ्या फिरकीत चेंडू वळतो तो या पेराने शिवणीला दिलेल्या झटक्याने. चेंडू ओला झाला की शिवण फुगते आणि खरखरीत होते. बोटाची कातडी आधी लाल होते, मग सोलवटते, मग चिरते. ती घट्ट व्हावी म्हणून मी तुरटीचं पाणी लावत असे. आमचा सामना एका दिवसाचा, आठवडाभराने पुढचा. तेवढ्यात चीर भरून येई.

इंग्लंडच्या काउंटीतल्या व्यावसायिक गोलंदाजाला ही सवड नव्हती. काउंटीचा सामना तीन दिवसांचा. एक सोमवारी सुरू होई, दुसरा गुरुवारी. मध्ये रविवार तेवढा सुट्टीचा. बुधवारी संध्याकाळी सामना संपला की किटबॅगा घेऊन आगगाडीत बसायचं आणि सकाळी दुसऱ्या गावी मैदानात उतरायचं. मे ते ऑगस्ट हेच चाले. एकदा सामना सुरू झाला की खेळपट्टी पावसात उघडीच राही. डाव सुरू होण्यापूर्वी फलंदाजी करणाऱ्या कर्णधाराच्या मर्जीप्रमाणे दहा मिनिटं रूळ फिरवता येई. रूळ जड घ्यायचा की हलका, यावर पुढचा तास अवलंबून असे. चेंडूही डावाला एकच मिळायचा. दोनशे धावांनंतर नवा चेंडू मागायची मुभा आली ती 1907 मध्ये. म्हणजे शिवण दबलेल्या, गुळगुळीत झालेल्या चेंडूनेच दिवसाचा मोठा भाग काढायचा.

यॉर्कशायरच्या विल्फ्रेड ऱ्होड्सने 1900 च्या हंगामात 261 बळी घेतले आणि पुढच्या वर्षी 251. त्यासाठी पहिल्या हंगामात त्याने दीड हजारांहून जास्त षटकं टाकली. डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने हा आकडा वाचला की पहिल्यांदा त्याच्या बोटाची आठवण होते. त्याच्याच कर्कहीटन गावचा जॉर्ज हर्स्ट. त्याने 1906 मध्ये एकाच हंगामात 2385 धावा केल्या आणि 208 बळी घेतले. पुन्हा कुणाला ते जमलेलं नाही. यॉर्कशायरचे कर्णधार लॉर्ड हॉक यांनी व्यावसायिकांना हिवाळ्यातही पगार सुरू केला. तोवर हंगाम संपला की बहुतेकांना दुसरं काम शोधावं लागे.

वाळत्या खेळपट्टीवरचं काम एका धावफलकात पाहायचं तर मी नॉर्दॅम्प्टनचा पाहतो. मे 1907 च्या शेवटी केंटचा संघ तिथे खेळत होता. पावसाने दुसरा दिवस पूर्ण वाया गेला. 1 जून हा शेवटचा दिवस. केंटच्या 254 धावा होत्या. त्या दिवशी केंटचा डावखुरा फिरकी गोलंदाज कॉलिन ब्लाइथ याने पहिल्या डावात 30 धावांत दहाच्या दहा बळी घेतले आणि दुसऱ्या डावात 18 धावांत सात. नॉर्दॅम्प्टनशायर 60 आणि 39 धावांत गारद. एका दिवसात 17 बळी.

या आकड्यांत मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो 48 धावांचा आकडा. खेळपट्टी कितीही साथ देवो, फटके मारता येतील असे चेंडू पडतातच. ब्लाइथने ते जवळपास पडूच दिले नाहीत. सकाळची ओल दुपारी राहत नाही, दोन डावांत खेळपट्टी सारखी असू शकत नाही. ती बदलली तसा तोही बदलत गेला असणार. डेप्टफर्डच्या कष्टकरी वस्तीतला हा मुलगा व्हायोलिन वाजवत असे आणि त्याला अपस्माराचा त्रास होता. नोव्हेंबर 1917 मध्ये पासेंडेलजवळ तो युद्धात मारला गेला.

हौशी आणि व्यावसायिक हा भेद त्या क्रिकेटच्या हाडीमाशी भिनला होता. हौशी म्हणजे बहुधा घरचं बरं असलेला, ऑक्सफर्ड-केंब्रिजमधून आलेला; त्यातले फलंदाज जास्त. अनेक मैदानांवर दोघांच्या खोल्या वेगळ्या, मैदानात उतरायची दारं वेगळी. छापील धावफलकावर नाव कसं लिहायचं, याचेही नियम वेगळे. विद्यापीठांचे संघ मे-जूनमध्ये काउंटींशी खेळत आणि त्यांचा हंगाम लॉर्ड्‌सवरच्या ऑक्सफर्ड-केंब्रिज सामन्याने गाजे. टोप्या, घोडागाड्या, बहिणी आणि आया, सगळं लंडन लोटे. या विद्यार्थ्यांची फलंदाजी तयार होई ती नेटमध्ये, आणि नेटमध्ये चेंडू टाकायला पगारी माणूस असे. रणजींनी केंब्रिजमध्ये असताना व्यावसायिक गोलंदाजांकडून तासन्‌तास सराव करून घेतला. लॉर्ड्‌सवर तर सभासदांना गोलंदाजी करणं हे व्यावसायिकांचं नेमून दिलेलं कामच होतं. ज्या फटक्यांनी सुवर्णयुग घडलं, ते फटके या माणसांच्या बोटांवर घोटले गेले.

व्यावसायिकाची म्हातारपणाची तरतूद म्हणजे त्याच्या मदतीसाठी ठेवलेला एक सामना. त्या सामन्याचा गल्ला त्याला मिळे. पाऊस पडला किंवा सामना लवकर आटोपला की तो बुडे. मिडलसेक्सच्या अल्बर्ट ट्रॉटचा असा सामना 1907 मध्ये लॉर्ड्‌सवर सॉमरसेटविरुद्ध झाला. शेवटच्या डावात त्याने चार चेंडूंत चार बळी घेतले, त्याच डावात पुन्हा तीन चेंडूंत तीन, आणि 20 धावांत सात बळी घेऊन सामना संपवला. सामना लांबला असता तर त्याच्याच खिशात चार पैसे जास्त पडले असते. हातात चेंडू असताना ट्रॉटने तो हिशेब केला नाही.

नेटमध्ये राबणाऱ्या या माणसाचं आपल्याकडचं रूप पुण्यात दिसतं. बाळू पालवणकर हे चांभार कुटुंबातले डावखुरे फिरकी गोलंदाज. वडील लष्कराच्या नोकरीत. पुण्यात पारशी खेळाडूंच्या मैदानावर झाडलोट आणि खेळपट्टीची देखभाल करायला ते महिना तीन रुपयांवर लागले. तिथून गोऱ्यांच्या क्लबात चार रुपयांवर गेले. रूळ फिरवायचा, रेषा आखायच्या, नेट लावायचं आणि साहेबांना गोलंदाजी करायची. त्या साहेबांत जे. जी. ग्रेग होते, पुढे इंग्लंडमध्ये हँपशायर काउंटीकडून खेळलेले. बाळूंनी बाद केलं की ग्रेग आठ आणे देत, असं सांगतात. म्हणजे इंग्लिश काउंटीच्या तोडीच्या फलंदाजाविरुद्ध बाळूंचा रियाज इथेच, पुण्यात, वर्षानुवर्षं झाला. त्या सगळ्या काळात फलंदाजी त्यांच्या वाट्याला क्वचितच आली. पुढे पुण्यातल्या हिंदूंच्या संघात त्यांना घेतलं ते गोलंदाजीसाठी. चहाच्या वेळी मात्र त्यांना बाहेर, मातीच्या भांड्यातून चहा दिला जाई. हौशी-व्यावसायिकांच्या दोन दारांपेक्षा हा अपमान कितीतरी खोल होता. संघाला बळी हवे होते, पण बळी घेणाऱ्या माणसाला सोबत बसवायची तयारी नव्हती.

1911 मध्ये पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग यांच्या नेतृत्वाखाली भारताचा संघ इंग्लंडला गेला. त्यात बाळू होते, त्यांचे भाऊ शिवराम होते, आणि ज्यांच्या नावाने आज पावसाळी लीग चालते ते डॉ. होरमसजी कांगाही होते. 23 सामन्यांपैकी 15 हरले, 6 जिंकले. लेस्टरशायरविरुद्ध कांगांनी 163 धावा केल्या, बाळूंनी दोन डावांत मिळून 11 बळी घेतले आणि भारताने काउंटीला हरवलं. सॉमरसेटलाही एका गड्याने हरवलं. दौऱ्यात बाळूंचे बळी 114, सरासरी 18.84.

हा आकडा बहुतेक वेळा कौतुकाने सांगितला जातो आणि तिथेच सोडला जातो. तो वाचताना त्या वर्षीची हवा लक्षात घ्यायला हवी. 1911 चा उन्हाळा इंग्लंडच्या इतिहासातल्या कडक उन्हाळ्यांपैकी एक; आठवडेच्या आठवडे कोरडे गेले. ब्लाइथला नॉर्दॅम्प्टनला मिळाली तशी भिजून वाळणारी माती बाळूंना फारशी मिळालीच नसणार. टणक, निमूट खेळपट्टीवर डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाला बळी हवेत तर चेंडू हवेत लोंबता ठेवावा लागतो, वेग कळू न देता बदलावा लागतो आणि मार बसला तरी पुढचा चेंडू तितकाच उंच टाकायची हिंमत ठेवावी लागते.

केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध बाळूंनी 103 धावांत आठ बळी घेतले. त्यांच्या कारकिर्दीतली ती सर्वोत्तम कामगिरी. ब्लाइथच्या 48 धावांशेजारी हे 103 महाग दिसतात. मला ते तसे वाटत नाहीत. त्या 103 धावांत बहुधा कडक जमीन आहे, व्यावसायिक गोलंदाजांकडून नेटमध्ये तयार झालेली विद्यार्थ्यांची फलंदाजी आहे आणि दुसऱ्या टोकाकडून फारशी मदत न मिळता टाकत राहणं आहे. दहातले आठ एकट्याने घेतले म्हणजे चेंडू दिवसभर फिरून फिरून त्यांच्याच हातात आला.

खेळपट्टी ओळखायची विद्या बाळूंनी ती झाडून, तिच्यावर रूळ ओढून कमावली होती. पाणी किती मारलं की माती किती धरते आणि ऊन लागल्यावर किती वेळात सोडते, हे ज्याच्या हाताने रोज होतं त्याला टप्पा कुठे टाकावा हे वेगळं शिकावं लागत नाही. सुवर्णयुगाचा इतिहास सांगताना त्यांचं नाव शेवटी, दूरच्या देशातून आलेला पाहुणा म्हणून घेतलं जातं. ऱ्होड्स आणि ब्लाइथचं नाव जिथे निघेल, तिथेच त्यांचंही निघायला हवं. तेच काम, तीच बोटं आणि त्याहून कठीण माती, यावर त्यांनी तो हक्क मिळवला आहे.