लोकनियुक्त की सरकारनियुक्त?

मँगनीजच्या खाणींमुळे ओळखल्या जाणाऱ्या आमच्या तिरोडीत पंचायतीचा विषय निघाला, की वाद हटकून एकाच प्रश्नापाशी येतो : कारभार लोकनियुक्ताच्या हाती असावा की सरकारनियुक्ताच्या? (मराठीने दोघांसही 'नियुक्त'च म्हटले आहे, हे मौजेचे.) नागपूरकडचे पाहुणे आले म्हणजे वादास विशेष रंग चढतो. त्यांच्याकडे सरपंच थेट लोकांतून निवडण्याची पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये परतली. आमच्याकडे मात्र १९९३ च्या पंचायत कायद्यापासून सरपंच थेट मतदारच निवडतात.

प्रश्न आमच्या प्रांतास नवा नाही. नागपूर राजधानी असताना, १९४८ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडात जनपद सभा निघाल्या. सभासद लोकांचे, कार्यपालन मात्र सरकारी अधिकाऱ्याकडे, अशी ती मांडणी होती. १९५६ मध्ये नागपूर मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्यप्रदेशात राहिले. 'जनपद' हा शब्दही राहिला आणि ती जोडीही. आजही जनपद पंचायतीचा अध्यक्ष निवडलेला, मुख्य कार्यपालन अधिकारी नेमलेला.

आम्ही या दोन्ही सत्तांखाली नोकरी केली आहे. १९९८ मध्ये एका जनपद पंचायतीने आम्हास शिक्षाकर्मी म्हणून नेमले. आमच्या गुणांपेक्षा आम्ही कोणाकडचे, याचीच चौकशी गावात अधिक झाली. पहिली दोन वर्षे पालक आम्हास गुरुजी न समजता अमक्या सदस्यांचा माणूस समजत. वास्तविक त्यांची व आमची ओळखही नव्हती. पण त्याच सदस्यांच्या ओसरीवर रात्री आठ वाजता जाऊन शाळेचे छप्पर गळते हे आम्ही सांगू शकलो, आणि पंधरा दिवसांत कौले बदलली. २०१८ मध्ये आमच्यासारख्यांस राज्याच्या शिक्षण सेवेत घेतले. प्रतिष्ठा वाढली. छप्पर पुन्हा गळू लागले, तेव्हा मात्र अर्ज कोणत्या टेबलावर आहे हे कळण्यातच एक पावसाळा गेला. मुंबई महापालिकेत २०२२ च्या मार्चपासून साडेतीन वर्षांहून अधिक काळ केवळ प्रशासक होते. तेथील नागरिकांस खड्ड्यासाठी कोणाची ओसरी होती?

शिक्षक, सचिव, अभियंता हे परीक्षेनेच नेमावेत, असे तरीही आमचे मत आहे. मतपेटीतून जमाखर्च जाणणारा निघेलच असे नाही. परंतु त्यांच्या कामाची तपासणी ग्रामसभेत, लोकांदेखत व्हावी. नेमलेला चुकला तर त्याची बदली होते, म्हणजे चूक दुसऱ्या गावाच्या वाट्यास जाते. निवडलेल्यास परत बोलावण्याची सोय तरी आमच्या राज्याने केली. २००० च्या सुमारास अनूपपूरच्या नगराध्यक्षपदासाठी असे मतदान झाले, तेव्हा प्रश्न एवढाच होता : भरलेली खुर्ची की रिकामी? लोकांनी रिकामी खुर्ची पसंत केली.

अधिकाऱ्यांच्या बाबतीत आम्हास तेवढेही नको. ग्रामसभेत सचिव हिशेब पुटपुटत असता मागच्या रांगेतील एखाद्या बाईने 'जरा मोठ्याने वाचा' म्हणावे, आणि त्यांनी पान उलटवून पुन्हा पहिल्यापासून वाचावे, एवढे घडले तरी पुष्कळ.