आखूड नळीचं काडतूस

अमेरिकेतल्या उपनगरांत गॅरेजमध्ये मोटार ठेवतातच असं नाही. कुठे सुतारकाम चालतं, कुठे जुनी मोटारसायकल खोलून पसरलेली असते. आणि काही गॅरेजांत भिंतीलगत जाड फळीचं टेबल असतं. त्याला आवळून बसवलेली लांब दांड्याची प्रेस, बाजूला अगदी बारीक वजनं दाखवणारा तराजू, आणि एक वही. या टेबलावर काडतुसं भरली जातात. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं १९५९च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. तिथे स्वतःपुरतं भरणाऱ्याला संघराज्याचा परवाना लागत नाही. विकायला बसलात तर लागतो. त्यामुळे आपल्याला दचकवणारी ही गोष्ट तिथे निवृत्त शिक्षकाचा रविवारचा छंद असू शकते.

काडतुसाचे भाग चार: पितळी पुंगळी, तिच्या बुडातला प्रायमर, पोटातली दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. चाप ओढला की तीन भाग संपतात, पुंगळी उरते. आणि चौघांत बहुधा तीच सगळ्यांत महाग. ती पुन्हा वापरता येते, एवढ्यावर हा सगळा कारभार उभा आहे. अर्थात ती वापरता येण्यात एका इंग्रजाचा हात आहे. एडवर्ड बॉक्सर हा वुलिचच्या शाही प्रयोगशाळेतला अधिकारी. त्याच्या पद्धतीच्या पुंगळीत बुडाला मधोमध एकच भोक असतं. आतून सुई घातली की जळका प्रायमर खाली पडतो. हायरम बर्डन हा अमेरिकी. त्याच्या पद्धतीत दोन बारीक भोकं असतात, मध्यावर नसतात, आणि सुई तिथे कामाची नाही. पुढे झालं उलटंच. युरोपातल्या सैन्यांनी अमेरिकी बर्डनला उचललं आणि अमेरिकेने इंग्रज बॉक्सरला. बर्डन अमेरिकेत रुजला असता, तर गॅरेजातली ही टेबलं बहुधा दिसली नसती.

सुरुवात मात्र छंदातून झाली नाही. एकोणिसाव्या शतकात बायसनच्या शिकारी टोळ्या मैदानात दूरवर जायच्या. दुकान शेकडो मैल मागे, तेव्हा शिसं आणि काळी दारू गाडीत घालून न्यायची आणि रात्री शेकोटीपाशी पुंगळ्या भरायच्या. न्यू हेवनच्या जॉन बार्लोने १८८४ साली ‘आयडियल’ कंपनी काढली, ती सांडशीसारखं हातात धरायचं भरणीचं अवजार विकायची. दुसऱ्या महायुद्धात गोळ्या मिळेनाशा झाल्या तेव्हा कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलमध्ये फ्रेड हंटिंग्टनने .२२च्या वापरलेल्या पुंगळ्या दाबून त्यांचीच गोळीला आवरणं करण्याचे साचे बनवले. ‘रॉक चक’ नावाच्या बिळात राहणाऱ्या प्राण्याच्या शिकारीसाठी ते होते, म्हणून कंपनीचं नाव ‘रॉक चक बुलेट स्वेज’, म्हणजे आजची आरसीबीएस. युद्ध संपल्यावर कॅन्ससच्या ब्रूस हॉजडनने सरकारकडे पडून राहिलेली दारू घाऊक विकत घेतली आणि रेल्वेच्या जुन्या डब्यात साठवून किरकोळीने विकायला काढली. पुढे हा देशातल्या मोठ्या दारू-विक्रेत्यांपैकी एक झाला. टंचाईने सुरू केलेला उद्योग सुबत्तेने वाढवला, असा हा प्रवास.

दारू मोजतात ग्रेनमध्ये. एका पौंडात ७,००० ग्रेन. म्हणजे आपल्या सोनाराच्या गुंजेच्या साधारण निम्मा एक ग्रेन. या टेबलावर ग्रेनच्या दहाव्या भागावरून वाद होतात.

भरणीच्या त्या सुरुवातीच्या काळातल्या बहुतेक बंदुका हाताने चालणाऱ्या होत्या. बोल्ट माणूस मागे ओढायचा, पुंगळी माणूस काढायचा. काडतुसाचं काम एकच: गोळी नळीतून नीट बाहेर पाठवायची. थोडी कमी दारू पडली तर गोळी जरा खाली लागेल, इतकंच. म्हणून जुन्या भरणाऱ्यांचा नियम सरळ होता. छापील तक्त्यातल्या सर्वांत कमी मापापासून सुरू करायचं, दाबाच्या खुणा पाहत चढायचं आणि कमाल मापाच्या आत थांबायचं. छत ठाऊक असलं की पुरे.

अर्धस्वयंचलित रायफलने यात भर घातली. यूजीन स्टोनर आणि आर्मालाइटमधल्या त्याच्या सहकाऱ्यांनी पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी एआर-१५ रचली, तिच्या नळीला मध्ये एक बारीक छिद्र आहे. गोळी ते छिद्र ओलांडते, तिच्यामागचा वायू थोडा त्यातून निसटतो, नळकांडीतून मागे येतो आणि बोल्ट ढकलतो. पुंगळी उडते, नवं काडतूस आत जातं. म्हणजे दारूला आता दोन नोकऱ्या. गोळीही फेकायची आणि यंत्रही चालवायचं.

या दुसऱ्या नोकरीची किंमत कळली ती व्हिएतनाममध्ये. एम-१६, म्हणजे एआर-१५चं लष्करी रूप, मूळ ड्यूपाँच्या आयएमआर ४४७५ या काडीसारख्या दाण्यांच्या दारूवर बसवलेली होती. ती ठरलेल्या मापात घाऊक पुरवणं जमेना, तेव्हा लष्कराने ऑलिन कंपनीची डब्ल्यूसी ८४६ ही गोल दाण्यांची दारू घेतली. गोळीचा वेग जवळपास तोच, म्हणून कागदावर फरक नव्हता. पण ही दारू जळताना छिद्रापाशी दाब जास्त ठेवायची. बोल्ट अधिक जोरात आणि लवकर मागे येऊ लागला, पुंगळ्या चेंबरमध्ये अडकू लागल्या, आणि दारूतल्या कॅल्शियम कार्बोनेटची राख वायूच्या नळकांडीत साचू लागली. त्यात सैनिकांना साफसफाईची साधनंही पुरेशी दिलेली नव्हती. अडकलेल्या रायफलीशेजारी मेलेल्या सैनिकांच्या बातम्या घरी पोहोचल्या, प्रतिनिधिगृहात आयकॉर्ड उपसमिती बसली आणि १९६७च्या अहवालात तिने दारू बदलण्याच्या निर्णयावर कडक ठपका ठेवला. नंतर चेंबरला क्रोमचा मुलामा आला, दारूतलं ते मिश्रण कमी झालं. माझ्या मते काडतूस भरणाऱ्या प्रत्येकाने वही उघडण्याआधी वाचावा असा हा प्रसंग आहे, कारण चूक वजनाची नव्हती. दाब केव्हा आणि कुठे पडतो हे कुणी विचारलं नाही.

आता नळी आखूड करा. मूळ रायफलची नळी २० इंची, छिद्र चेंबरपासून सुमारे १३ इंचांवर. तिच्या आखूड रूपात, कार्बाइनमध्ये, ते सात-आठ इंचांवर आलं. तिथे वायू अजून गरम आणि जोरकस असतो, पण नळी त्याहूनही आखूड केली तर छिद्र ओलांडल्यावर गोळी लगेच बाहेर पडते आणि दाब क्षणात ओसरतो. म्हणजे ढकल जोराची, पण फारच थोडा वेळ. छिद्र मोठं करून बनवणारे हा हिशेब जुळवतात. वेगही घटतो: २० इंचांत सेकंदाला ३,२०० फुटांच्या आसपास जाणारी ५५ ग्रेनची गोळी १० इंचांत २,६००च्या जवळ येते. न जळलेली दारू तोंडाशी पेट घेते, मोठा भडका होतो, कानठळ्या बसतात. मग नवखा म्हणतो, लवकर जळणारी दारू वापरू. हे वाटतं तितकं खरं नाही. लांब नळीत जी दारू सर्वाधिक वेग देते, तीच बहुतेकदा आखूड नळीतही देते. फार लवकर जळणारी दारू घेतली तर दाब आधी छताला लागतो आणि वेग मागेच राहतो. भडका मात्र कमी होतो, आणि पुष्कळांना तेवढंच हवं असतं.

इथेच जुना नियम अपुरा पडतो. कमी मापापासून सुरू करायचंच, पण फार कमी मापात आखूड नळीची बंदूक पुढचं काडतूस घेतच नाही. त्यामुळे छताबरोबर जमीनही शोधावी लागते, आणि दोन्हींमधली जागा अरुंद. वहीत म्हणूनच वेगाबरोबर आणखी नोंदी असतात: पुंगळी कुठल्या दिशेला आणि किती दूर पडली, तिच्या कडेला ओरखडा आला का, शेवटच्या गोळीनंतर बोल्ट मागे अडकून थांबला का. वेग मोजायचं यंत्र हल्ली स्वस्त झालं आहे. पडलेल्या पुंगळ्यांचं वाचन मात्र डोळ्यांनीच करावं लागतं.

पितळाचंही वेगळं दुखणं. हाताच्या बोल्टमधून पुंगळी अलगद निघते; इथे ती खेचली जाते, तोंडाला पोचा पडतो, अंग ताणलं जातं. म्हणून नुसती मान दाबून भागत नाही, पुंगळी पूर्ण लांबीत साच्यातून काढावी लागते. ते करताना तेल लावायला विसरलं की ती साच्यात रुतते आणि संध्याकाळ जाते. लष्करी पुंगळीत प्रायमर कडेने दाबून पक्का केलेला असतो, ती कड आधी काढायची. आणि प्रायमर बुडाच्या पातळीपेक्षा जराही वर राहता कामा नये. या रायफलीत आघाताची सुई स्प्रिंगने धरलेली नसते. बोल्ट पुढे आपटला की ती प्रायमरला हलकीच टेकते. नेहमी नुसता बारीक खळगा पडतो. उंच किंवा फार नाजूक प्रायमर असेल तर चाप न ओढताच बार उडू शकतो. म्हणून बोटाने प्रत्येक बूड चाचपायचं, दमला असाल तर उठायचं.

आखूड नळीचं आणखी एक उत्तर म्हणजे काडतूसच बदलणं. .३०० ब्लॅकआउट हे ॲडव्हान्स्ड आर्मामेंट कंपनीने पुढे आणलं आणि २०११ साली त्याला अमेरिकी उद्योगसंस्थेची मान्यता मिळाली. जे. डी. जोन्सचं ‘व्हिस्पर’ त्याचं पूर्वज. एआर-१५च्या नेहमीच्या .२२३ काडतुसाची पुंगळी कापून आखूड करायची, तोंड रुंद करून .३०ची गोळी बसवायची. बोल्ट आणि मॅगझीन तेच राहतात, बदलते फक्त नळी. दारू नऊ इंचांत जवळजवळ पूर्ण जळते. भरणाऱ्यांना हे फार भावलं, कारण शूटिंग रेंजवर टाकून दिलेल्या .२२३च्या पुंगळ्या मुबलक. पण मॅगझीन एकच असल्याने हे काडतूस चुकून .२२३च्या नळीत गेलं तर बंदूक फुटते, आणि अशा फुटलेल्या बंदुका झाल्या आहेत. ज्यांच्याकडे दोन्ही आहेत ते मॅगझिनांवर रंगीत पट्ट्या लावतात आणि टेबलावर एका वेळी एकच माप ठेवतात.

आखूड नळीवर कायद्याचंही लक्ष आहे. १९३४च्या राष्ट्रीय अग्निशस्त्र कायद्याच्या मसुद्यात आधी पिस्तुलंही होती. नळी कापून रायफलचं पिस्तूल करू नये म्हणून आखूड रायफली घातल्या. पिस्तुलं मसुद्यातून निघाली, आखूड रायफली राहिल्या. आज १६ इंचांखालच्या नळीला नोंदणी लागते. २०० डॉलरचा कर ९० वर्षांहून अधिक काळ तोच होता, तो २०२६च्या जानेवारीपासून शून्य झाला. नोंदणी मात्र तशीच आहे.

यात पैसे वाचतात का? एका काडतुसामागे वाचतात, फक्त माणूस मग तितक्याच पैशांत जास्त उडवतो. २०१३ची टंचाई आणि २०२०नंतर प्रायमरच मिळेनासे झाले तो काळ पाहिलेले लोक बचतीचं नाव घेत नाहीत. घरात साठा आहे, एवढंच सांगतात.

गंमत अशी की लष्करालाही अखेर हाच हिशेब मांडावा लागला. १९९४ साली घेतलेल्या एम-४ कार्बाइनची नळी साडेचौदा इंची, तिच्यात जुनं काडतूस मंद पडायचं. २०१० साली एम-८५५ए१ आलं, ते याच नळीवर बेतून: नवी दारू, कमी भडका, जास्त वेग. वेगासाठी दाब मात्र वाढवावा लागला, आणि बोल्टची झीजही त्याबरोबर वाढली.