पाहुण्याला आधी गूळ-पाणी

वाचकहो, आजवर या सदरात मी रुग्णांच्या चुका सांगत आलो. आज एक चूक माझी स्वतःची सांगतो, आणि ज्या अनोळखी माणसांनी ती निस्तरली त्यांचीही गोष्ट सांगतो.

2018 सालच्या मे महिन्यातली ही गोष्ट. जत तालुक्यातील एका गावी आरोग्य तपासणी शिबिर होते. मला मधुमेह आहे. त्या वेळी सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी चालू होती. ही गोळी न्याहारीबरोबर घ्यायची असते. मी घरी गोळी घेतली आणि पोहे सांगलीच्या स्टँडवर खाऊ असे ठरवले. स्टँडवर पोचतो तोच एस. टी. सुटत होती. धावत पकडली. न्याहारी राहिली ती राहिलीच.

कवठेमहांकाळ मागे पडल्यावर गाडीचा टायर पंक्चर झाला. आम्ही सारे उतरून लिंबाच्या झाडाखाली उभे राहिलो. अकरा वाजून गेले होते. मला दरदरून घाम सुटला. वाटले, उन्हामुळे असेल. हात कापू लागले. काही कारण नसताना मी कंडक्टरवर खेकसलो. चार पावले टाकली तर झोक गेला. मागून कोणी तरी म्हणाले, “सकाळी सकाळीच घेतलेली दिसतीया.” दोघे-तिघे हसले. हे मला ऐकू आले, पण उत्तर देण्याइतके शब्द जुळेनात.

रस्त्यापलीकडे एक शेतघर होते. तेथून एक मध्यमवयीन शेतकरी आला. त्याने काही न विचारता माझ्या काखेत हात घातला आणि मला सोप्यात नेऊन घोंगडीवर बसवले. त्याच्या पत्नीने तांब्याभर पाणी आणि वाटीत गूळ आणून ठेवला. उन्हातून आलेल्या माणसाला आधी गूळ-पाणी द्यायचे ही आपल्याकडची जुनी रीत. आणि मी काय केले? वाटी दूर सारली! “मला साखर आहे, गोड चालत नाही,” एवढेच मी पुटपुटलो. वर्षानुवर्षांच्या सवयीचे वाक्य तेवढे तोंडात शिल्लक होते.

ते ऐकताच आतून म्हातारी आई पुढे आली. “साखर हाय म्हनूनच खावा. आमच्या मालकांचंबी असंच व्हायचं, गोळी घेऊन उपाशी शेतात गेलं की.” तिने गुळाचा मोठा खडा माझ्या हातात दिला आणि मी तो खाईपर्यंत समोरून हलली नाही. मग गुळाचेच पाणी करून पाजले. पंधरा-वीस मिनिटांत घाम ओसरला आणि मला मी कुठे आहे ते नीट कळू लागले. त्यानंतर ज्वारीची भाकरी, पिठले आणि शेंगदाण्याची चटणी समोर आली. मुलगा गाडीपाशी जाऊन “पाहुण्यास्नी जेवू द्या” असे सांगून आला.

निघताना मी पैसे काढले तेव्हा त्या माउलीने हात जोडले. मी डॉक्टर आहे हे मग त्यांना कळले. “डॉक्टर असून उपाशी फिरता व्हय?” या प्रश्नाला आजही माझ्याजवळ उत्तर नाही.

रक्तातील साखर दर 100 मिलिलिटरला 70 मिलिग्रॅमच्या खाली गेली की तिला साखर उतरणे म्हणतात. इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइडसारख्या काही गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका असतो. फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना तो क्वचितच. घाम, थरथर, धडधड, एकदम लागलेली भूक, चिडचिड, असंबद्ध बोलणे ही लक्षणे. मेंदूला साखर कमी पडली की माणूस दारू प्यायल्यासारखा दिसतो आणि मदतही झिडकारतो. वेळीच उपाय झाला नाही तर बेशुद्धी, झटके आणि प्राणावर बेतणे, येथपर्यंत मजल जाते.

उपाय घरातलाच आहे. शुद्धीवर असलेल्या माणसाला तीन-चार चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून द्यावे. नसेल तर गूळ. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढेच द्यावे. बरे वाटल्यावर भाकरी, पोळी किंवा भात खायला द्यावा, कारण गोळीचा अंमल बराच वेळ टिकतो आणि साखर पुन्हा उतरू शकते. म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाते. त्याला कुशीवर वळवून 108 ला फोन करावा.

मधुमेही मित्रांनो, प्रवासात खिशात ग्लुकोजची पुडी आणि आपल्या आजाराची व औषधांची चिठ्ठी ठेवा. खाणे हाताशी नसेल तर ही गोळी घेऊ नका.

आणि घरोघरच्या यजमानांना एक विनंती. मधुमेही पाहुण्याला लाडवाचा आग्रह करू नका, हे आपण ऐकलेले असते. पण “पंगत बसू दे, मग वाढते” म्हणून त्याला दोन-दोन तास ताटकळत ठेवणे हे अधिक घातक. त्याला विचारा, “औषध घेतलंय का? आधी वाढू का?” खरा पाहुणचार तोच.

त्या दिवसापासून माझ्या बॅगेत स्टेथोस्कोपशेजारी गुळाची डबी असते. आणि रस्त्यात कोणी झोकांड्या देताना दिसला, तर हसण्याआधी मी त्याच्याजवळ जातो.