आवराआवरीत सापडलेले औषध

लिओ स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञाने तरुणपणी क्राको येथे रंगद्रव्यांच्या शोधात काही संयुगे तयार केली होती. पुढे अमेरिकेत रोश कंपनीत मन शांत करणारे औषध शोधताना त्यांनी तीच पुन्हा हाती घेतली. पण ती निष्प्रभ ठरली. १९५७ मध्ये प्रयोगशाळेची आवराआवर चालू असता एक न तपासलेले संयुग हाती लागले. ते फेकून न देता चाचणीस पाठविण्यात आले. प्राणी शांत झाले, मात्र गुंगले नाहीत! मेंदूतील ‘गाबा’ या द्रव्याचा शामक परिणाम ते वाढविते, हे पुष्कळ नंतर कळले. १९६० मध्ये ‘लिब्रियम’ व १९६३ मध्ये ‘व्हॅलियम’ बाजारात आले. बार्बिट्युरेटांहून ही औषधे कमी धोक्याची. म्हणूनच बहुधा ती सढळपणे दिली गेली. त्यांची सवय जडते आणि दीर्घकाळ घेतलेली गोळी एकाएकी बंद केल्यास झटकेही येऊ शकतात.