मुंबईचा वैमानिक, फ्रान्सची माती

पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या बाजूने लढाऊ विमान चालवणारे भारतीय अधिकारी म्हटले की चार नावं पुढे येतात. इंद्रलाल रॉय, हरदितसिंग मलिक, एरॉल चंदर सेन आणि आपले मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर. रॉय यांच्या नावाने टपाल तिकीट निघालं, मलिक पुढे फ्रान्समध्ये भारताचे राजदूत झाले. वेलिणकरांचं नाव मात्र महाराष्ट्रातच फारसं कुणाला ठाऊक नाही, आणि याची मला मनापासून खंत वाटते.

वेलिणकर केंब्रिजच्या जीझस कॉलेजात शिकत होते. युद्ध पेटल्यावर त्यांना उडायचं होतं, पण वाट सोपी नव्हती. हिंदी माणसाने शिपाई म्हणून मरायला हरकत नव्हती. अधिकारी म्हणून गोऱ्यांना हुकूम सोडणं सरकारला मानवत नव्हतं. मलिक यांनाही सुरुवातीला नकारच मिळाला होता. माणसं कमी पडू लागली तेव्हा, 1917 मध्ये, हे दार किलकिलं झालं आणि वेलिणकर रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये अधिकारी झाले. 1 एप्रिल 1918 रोजी त्या दलाचंच रॉयल एअर फोर्स झालं.

ते 23 क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन चालवत. हे विमान विचित्रच होतं. वरचा पंख इतका खाली आणि मागे घेतलेला, की त्याच्या मधल्या मोकळ्या चौकटीतून वैमानिकाचं डोकं थेट वर निघायचं. समोरचं आणि वरचं आभाळ लख्ख दिसे, पण उतरताना विमान उलटलं तर सगळा भार डोक्यावरच येण्याची भीती. ब्रिटिश वैमानिकांना तेव्हा पॅराशूटही देत नसत. अशा विमानात तेविशीतला हा मुलगा रोज शत्रूच्या हद्दीवर जात होता.

जून 1918 अखेरीस गस्तीवर असताना ते जखमी होऊन जर्मनांच्या हाती पडले आणि 30 जूनला गेले. जर्मनांनीच त्यांना दफन केलं. कबरीवरच्या क्रॉसवर नाव लिहिलं गेलं ‘वुमकर’, त्यामुळे युद्धानंतर ती कबर त्यांचीच आहे हे शोधून काढावं लागलं. आज ती आमिआँजवळच्या हँगार्ड गावच्या दफनभूमीत आहे.

तीन आठवड्यांनी, 22 जुलैला, रॉयही पडले. भारतीय हवाई दल स्थापन झालं ते त्यानंतर चौदा वर्षांनी, 8 ऑक्टोबर 1932 रोजी.

आमच्या वाशीम जिल्ह्यातली मुलंही आज हवाई दलाची स्वप्नं पाहतात. त्यांना शिकवणाऱ्या गुरुजनांना एवढीच विनंती, की रॉय यांची गोष्ट सांगाल तेव्हा श्रीकृष्ण वेलिणकरांचीही सांगा, आणि फळ्यावर त्यांचं नाव पूर्ण लिहा.