भाकरीवरचा कांदा

शिरूर-दौंडच्या शिवारात आमच्या कितीतरी आयाबहिणी रोजंदारीने कांद्याची लागण करतात, काढणी-काटणी करतात. दुपारी फडके सोडले की भाकरीसोबतही कांदाच! गरिबाचे खाणे म्हणून त्याला हिणवले गेले. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात तर लसूण-कांदा द्विजांना अभक्ष्य ठरविला आहे. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळली ती हीच पोथी. तेव्हा पोथीचे राहू द्या, विज्ञान काय म्हणते ते पाहू.

कांद्यात क्वेर्सेटिन नावाचे पिवळसर द्रव्य असते. ऊन आणि रोगराईपासून बचावासाठी वनस्पती अशी द्रव्ये तयार करतात. सफरचंदातही ते आहे. पण कांद्यातले आपल्या शरीरात अधिक चांगले शोषले जाते. म्हणजे सफरचंद परवडत नाही याची खंत नको. लाल कांद्यात ते भरपूर, पांढऱ्यात जवळजवळ नाहीच. त्यातही बाहेरच्या पाकळ्यांत सर्वांत जास्त. घाईने सोलताना टरफलाबरोबर आपण नेमकी तीच जाड पाकळी उकिरड्यावर टाकतो! कांदा शिजला की काही भाग पाण्यात उतरतो. पण कालवणाचा रस्सा ओरपणाऱ्यांचे त्यात नुकसान नाही.

आता रक्तदाबाचे. २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रक्तदाबाच्या रुग्णांना २८ दिवस रोज ७३० मिलिग्रॅम क्वेर्सेटिन दिले. वरचा आकडा सरासरी ७ने उतरला. १०० ग्रॅम कांद्यात हे द्रव्य साधारण २० ते ३० मिलिग्रॅम. हिशेब केला तर रोज अडीच ते साडेतीन किलो कांदा खावा लागेल!

म्हणूनच "कांदा खातो, गोळी कशाला?" म्हणणाऱ्यांची आम्हांला काळजी वाटते. गोळी सोडली आणि अर्धांगवायूचा झटका आला, तर घरातला कमावता हात जातो. शिवाय कांद्याला मीठ, वर ठेचा, बाजूला खारे लोणचे, असे असेल तर मिठाने रक्तदाब चढणारच. मिठाऐवजी लिंबू पिळून पाहावे. क्वेर्सेटिनच्या महागड्या कॅप्सूलांच्या नादी लागू नये. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नये.

प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब मोफत तपासतात. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने, विशेषतः मजुरी बुडेल म्हणून टाळणाऱ्या भगिनींनी, एकदा जाऊन यावे.